आयकर खात्याशी छत्तीस वर्षे

अमेरिकेच्या आयकर खात्याने, म्हणजे आयआरएसने, 1957मध्ये ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी ऑफ कॅलिफोर्निया’ला करमाफी दिली. विज्ञानकथाकार एल. रॉन हबर्ड यांच्या पंथाची ही संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. दहा वर्षांनी खात्याने ती माफी काढून घेतली, आणि तिथून लढाई जुंपली.

खात्याचा आक्षेप श्रद्धेवर नव्हता. अमेरिकी कायद्यात धर्मसंस्थेला करमाफी मिळते, पण तिचा नफा कोणा व्यक्तीच्या खिशात जाता कामा नये. इथे ‘ई-मीटर’ नावाचे यंत्र हाती धरून होणाऱ्या ‘ऑडिटिंग’ला, म्हणजे पंथाच्या आध्यात्मिक समुपदेशनाला, ठरलेले दर होते, आणि पैशाची वाट हबर्ड कुटुंबाकडे जात होती.

पंथाने कोर्टकचेरीखेरीज दुसरी वाटही धरली. त्याची माणसे सरकारी कचेऱ्यांत शिरली. एक जण तर खात्यातच टंकलेखक म्हणून नोकरीला लागला. कागदांच्या प्रती बाहेर जाऊ लागल्या. या मोहिमेचे नाव होते ‘स्नो व्हाइट’. 8 जुलै 1977 रोजी एफबीआयने वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस इथे छापे घातले. पुढे हबर्ड यांची पत्नी मेरी स्यू हिच्यासह अकरा जण दोषी ठरले.

न्यायालयांत खात्याचीच सरशी होत गेली. 1984मध्ये कर न्यायालयाने करमाफी रद्द करण्याचा निर्णय उचलून धरला, 1987मध्ये अपिलातही तो टिकला. ऑडिटिंगचे शुल्क ही देणगी नव्हे, ते उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असे 1989मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

तरीही जिंकला पंथच.

हबर्ड 1986मध्ये वारले आणि सूत्रे डेव्हिड मिसकॅव्हिज यांच्या हाती आली. अनुयायांनी खात्यावर दोन हजारांहून जास्त दावे ठोकले. अधिकाऱ्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावल्याचे नंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले. 1991मध्ये मिसकॅव्हिज थेट आयुक्त फ्रेड गोल्डबर्ग यांना भेटले. नेहमीची पद्धत बाजूला ठेवून वाटाघाटींसाठी खास समिती नेमली गेली, आणि ऑक्टोबर 1993मध्ये पंथाला व त्याच्या संलग्न संस्थांना करमाफी मिळाली. बदल्यात पंथाने सव्वा कोटी डॉलर भरले आणि दावे मागे घेतले. कराराच्या अटी गुप्तच ठेवल्या होत्या. 1997च्या अखेरीस ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्या छापल्या.

सर्वोच्च न्यायालयाने नाकारलेली वजावटही अनुयायांना आता मिळू लागली. तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका ज्यू दांपत्याने मुलांच्या धार्मिक शिक्षणाच्या फीसाठी तीच सवलत मागितली. 2002मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती नाकारली. मात्र एकाच पंथाला मिळणारी ही वजावट घटनेला धरून आहे का, याविषयी त्याच निकालपत्रात न्यायालयाने शंका नोंदवली. ती वजावट चालूच राहिली.