ऑक्सिजन असो वा नसो : पेशीतल्या ऊर्जेविषयीचे चार गैरसमज

गैरसमज : ऑक्सिजन मिळेनासा झाला, तरच पेशी त्याच्याविना ऊर्जा बनवते.

वस्तुस्थिती : सुरुवात नेहमी ऑक्सिजनविनाच होते. पेशीद्रवात ग्लुकोजचा रेणू फुटतो, एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे निव्वळ 2 रेणू हाती लागतात आणि पायरुव्हेट उरते. ते तंतुकणिकेत गेले, की ऑक्सिजनच्या मदतीने एकूण 30 ते 32 एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांतला 38 हा आकडा आता मागे पडला आहे. तांबड्या रक्तपेशींत तर तंतुकणिकाच नसतात. जन्मभर ऑक्सिजन वाहणाऱ्या या पेशी स्वतःचे मात्र त्याच्यावाचून भागवतात.

गैरसमज : दोनच एटीपी देणारी वाट काय कामाची?

वस्तुस्थिती : ती झटपट आहे. शंभर मीटर धावताना स्नायूंना ऊर्जा भरपूर लागते आणि तीही ताबडतोब. अशा वेळी पायरुव्हेटपासून लॅक्टेट बनते. त्यातून जादा एटीपी मिळत नाही. पण ग्लुकोज फोडताना गुंतून पडलेला एनएडी हा रेणू मोकळा होतो आणि काम अडत नाही.

गैरसमज : पीठ आंबते ते यीस्टमुळेच.

वस्तुस्थिती : पावाच्या बाबतीत हे खरे. ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवताना यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते; भट्टीत अल्कोहोल उडून जाते. इडलीच्या पिठात मात्र मुख्य काम ल्युकोनोस्टॉकसारख्या जिवाणूंचे. लॅक्टिक आम्लाने आंबटपणा येतो आणि त्यांनीच सोडलेल्या वायूने पीठ फुगून वर येते. दह्याचे विरजण लॅक्टिक आम्ल बनवते, पण त्यात वायू जवळजवळ नसतो. म्हणून दही लागते, फुगत नाही.

गैरसमज : गडावर जाऊन आल्यावर पाय दुखतात ते साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे.

वस्तुस्थिती : दमवणाऱ्या व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचेच शरीरातले रूप) साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. हृदय ते इंधन म्हणून वापरते, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. दुखणे मात्र 24 ते 72 तासांत शिगेला पोचते. गड उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि मग ठणका लागतो. म्हणूनच चढणीपेक्षा उतरण अधिक दुखवते. दुसऱ्या दिवशी पाय चोळून घेतले तर बरे वाटेल. पण त्याने लॅक्टिक आम्ल ‘निघून’ जात नाही, कारण ते आदल्या दिवशीच खर्ची पडलेले असते.