कचरा जातो कुठे?

पुंडलिकनगरातून घंटागाडी पुढे गेली की कचरा संपला, असे आपण समजतो. तो संपत नाही, दुसऱ्याच्या दारी जातो. कित्येक वर्षे तो नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या. विहिरी नासल्या, ही त्यांची तक्रार. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळल्या, तर तेथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. शहराचे रस्तेच उकिरडे झाले. गावकऱ्यांना आडमुठे म्हणणारे आम्हांला पुष्कळ भेटले. त्यांतल्या कोणी त्या विहिरीचे पाणी चाखले नव्हते.

खरकटे व प्लॅस्टिक एकत्र दडपले की आत हवा पोचत नाही. ओले कुजून मिथेन वायू होतो, तो पेट घेतो. काळे पाणी झिरपत जमिनीत उतरते. तेच ओले वेगळे काढून हवेशीर रचले, तर त्याचे खत होते. २०१६ च्या नियमांनी हे निवडणे घरावरच सोपविले. आपण ते टाळतो, तेव्हा ते सफाई कामगाराच्या बोटांवर येते. आम्ही युनियनवाले हातमोजे मागतो, मागतच राहू. पण खरकट्यात दडलेल्या ब्लेडपुढे हातमोजा टिकत नाही.