हाड कोण खातं? जंतू, की आपणच?

दिवाळीत नालवाडीला घरी गेले होते. शेजारच्या काकूंनी हाक मारली. "तू जंतूंवरच शिकून रायली ना? मंग सांग, माहे दात काहून हालून रायले?" दातांना कीड नव्हती. पण घासताना हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून त्यांनी दोन वर्षांपासून ब्रश जवळजवळ सोडलाच होता. त्यांना जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते.

दात हिरडीच्या नाही, जबड्याच्या हाडाच्या आधाराने उभा असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. तिथे जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो काढला नाही तर कडक होऊन त्याचं कीटण बनतं. हिरडी सुजते, खाच खोल होते आणि तळाशी ऑक्सिजन कमी होतो. मग ऑक्सिजन नको असलेल्या जिवाणूंचं फावतं. 'पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस' हा त्यांतलाच एक.

पण हा जिवाणू स्वतः हाड कुरतडत नाही. आपल्या शरीरात जुनं हाड विरघळवणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी कायम कामावर असतात. जंतूंशी लढताना आपल्या रोगप्रतिकारक पेशी 'रँकएल' नावाचं प्रथिन जास्त बनवतात. त्यामुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी वाढतात, त्या आम्ल सोडतात आणि दाताभोवतीचं हाड झिजतं. म्हणजे भांडण जंतूंशी, पण नुकसान आपल्याच घराचं!

२०११ मध्ये जॉर्ज हाजीशेंगॅलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा जिवाणू अगदी कमी संख्येत असूनही तोंडातल्या इतर जिवाणूंची घडी बिघडली आणि हाड झिजलं. मात्र ज्या उंदरांच्या शरीरात दुसरे जिवाणूच नव्हते, त्यांच्यात हा एकटा हाड झिजवू शकला नाही. म्हणजे एका जंतूला दोष देऊन भागत नाही. सगळी वस्तीच बिघडावी लागते.

आता काकूंच्या रक्ताकडे येऊ. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. म्हणजे रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नसतं. बहुतेक वेळा घासणं कमी पडलं म्हणूनच रक्त येतं. या टप्प्यावर हिरडी पूर्ववत होते. गेलेलं हाड मात्र सहसा आपोआप भरून येत नाही.

आणि हो, रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, पण आतलं हाड झिजतच असतं. आपल्याकडचा खर्राही हिरड्यांचा वैरीच. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेपर्यंत घासा. कडक झालेलं कीटण ब्रशने, मिठाने किंवा मंजनाने निघत नाही. ते दाताच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. त्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. सैल ते आधीच झालेले असतात, कीटणामुळे फक्त कळत नाही.

काकू आता सावंगीच्या दंत महाविद्यालयात जाऊन आल्या. एक दात काढावा लागला. बाकीचे वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हाच त्या गेल्या असत्या तर, हे मात्र मी त्यांना बोलून दाखवलं नाही. तुम्हाला सांगतेय.