काकूंचा ढगळ अभ्रा
शेजारच्या काकूंनी काल स्वतः विणलेला कुशनचा अभ्रा दाखवायला आणला. वीण सुबक, पण थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखा ढगळ!

कुशन 16 इंची, म्हणून अभ्राही 16 इंची. पण विणलेलं ताणलं जातं हो. अभ्रा इंचभर लहानच हवा, तरच ताठ बसतो.

आधी 6 इंची नमुना विणा, धुऊन वाळवा, मग मधल्या 4 इंचांतले टाके मोजा. 20 भरले तर इंचाला 5, म्हणजे 15 इंचांना 75. शिवणीसाठी दोन जास्त. (मी हा नमुना कित्येक वर्षं टाळला आणि उसवत बसले.)

आपल्या उकाड्यात लोकर टोचते, मी सुती दोराच घेते. अभ्र्याच्या मागच्या बाजूला सरळ साधं कापड.

तुमचा दोरा कोणता, सुया किती नंबरच्या, खाली लिहा. टाक्यांचा हिशोब करून देते.