सर्व्हर भाड्याचा, जबाबदारी घरची

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पतसंस्थांचा हिशेब खतावणीतून संगणकात आला आणि आता क्लाउडवर चालला आहे. पिग्मी एजंट दुकानदाराकडून शंभर रुपये घेतो, मोबाइलवर नोंद करतो आणि ती दूरच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन बसते. सोबत एक गैरसमजही रुजला: सर्व्हर कंपनीचा, म्हणजे सुरक्षेची काळजीही कंपनीचीच. प्रत्यक्षात कंपनी इमारत, यंत्रे आणि वीज सांभाळते. लॉगिन कोणाला द्यायचे आणि कोणाचे बंद करायचे, हे संस्थेनेच ठरवायचे असते. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा पासवर्ड चालूच राहिला, तर जगातले सर्वोत्तम डेटा सेंटरही काही करू शकत नाही.

दुसरा गैरसमज कायद्याचा. ‘आम्ही सहकार खात्याखाली, रिझर्व्ह बँकेचे नियम आम्हाला नाहीत,’ असे पतसंस्था म्हणतात. तेवढे खरे, पण 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बँक आणि पतसंस्था असा भेद करत नाही. काम बाहेरच्या कंपनीला दिले, करारात काहीही लिहिले, तरी सभासदाच्या माहितीचे उत्तरदायित्व मूळ संस्थेवरच राहते. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. शिवाय ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते.

मग सर्व्हर आपल्याच कार्यालयात ठेवलेला बरा, असे कोणी म्हणेल. पण ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले, ते बँकेच्याच एटीएम यंत्रणेत घुसखोरी होऊन. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे व्यवहार तात्पुरते खोळंबले. तेव्हा सर्व्हर कुठे आहे याने प्रश्न सुटत नाही. त्यावर लक्ष कोणाचे आहे, हे महत्त्वाचे.

‘एवढे आम्हा छोट्यांना परवडायचे कसे?’ ही तक्रार रास्त आहे. पण जुनी लॉगिन बंद करणे, पासवर्डसोबत ओटीपी सक्तीचा करणे आणि घेतलेला बॅकअप खरोखर उघडतो का हे तपासणे, यांना पैशापेक्षा शिस्त जास्त लागते. रोजची रोकड मोजल्याशिवाय तिजोरी बंद न करणाऱ्या संस्थांना ती शिस्त नवी नाही.