कावळ्याचे खाते

आमच्या आप्पांकडे ठासणीची बंदूक होती. ओसरीच्या भिंतीवर, मुलांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, दोन खुंट्यांवर ती आडवी ठेवलेली असे. परवान्याचे पुस्तक मात्र पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर फडक्यात गुंडाळलेले. बंदूक कशासाठी, तर ‘पीक संरक्षणासाठी’ असे त्यात लिहिलेले होते. मला लहानपणी वाटे, सरकारने आप्पांना पाखरे मारायची लेखी परवानगीच दिली आहे. पुढे सारी नोकरी बँकेत कागद वाचण्यात गेली, तेव्हा कळले की कागद जेवढे बोलतो त्याहून जास्त आपणच त्यात वाचत असतो.

आमचे गाव अनेर नदीच्या काठचे. अलीकडे धुळे जिल्हा, पलीकडे जळगाव. ज्वारी-बाजरीचा दाणा चिकात आला की शेतात माळे उभे राहत आणि शाळेला दांडी मारून आम्ही पोरे गोफण घेऊन त्यावर चढत असू. पत्र्याचा डबा बडवायचा, हाळी घालायची, पोपटांचा थवा उठवून शेजारच्याच्या शेतात पाठवायचा. शेजारची पोरे तो परत आमच्याकडे पाठवत. बंदुकीची पाळी क्वचित येई, कारण दारू महाग. पण भुईमूग उकरणाऱ्या कावळ्यांवर आप्पांचा विशेष राग. एखादा पडला की त्याला पाय बांधून बांबूवर उलटा टांगत. ‘एक टांगला की आठ दिवस दुसरा उतरत नाही,’ असा त्यांचा हिशोब होता.

हे बेकायदा होते का? तर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पाच अनुसूच्या होत्या. पाचवीत ‘उपद्रवी’ प्राणी होते. कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर असे मानकरी तिथे बसलेले. त्यांना मारायला परवाना लागत नसे. इतर अनेक पशुपक्ष्यांच्या शिकारीसाठी तेव्हा लहान शिकारीचा, मोठ्या शिकारीचा असे वेगवेगळे परवाने मिळत. २ ऑक्टोबर १९९१ पासून ते बंद झाले. कावळा मात्र होता तिथेच राहिला. पन्नास वर्षे तो कायद्याच्या लेखी कोणाचाच नव्हता.

पुढे २०२२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ एप्रिल २०२३ पासून उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच गेली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचे, तर केंद्र सरकारने ठरावीक प्रदेशासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी तशी अधिसूचना काढावी लागते. पोपट-मैनांसारख्या संरक्षित पाखरांनी उभ्या पिकाची नासाडी केली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. मोर मात्र पहिल्या अनुसूचीतला. त्याने हरभरा फस्त केला तरी पिकाच्या कारणावरून त्याला हात लावता येत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. बंदूक बाळगण्याचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि त्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. पाखरू मारायचे की नाही हे वन्यजीव कायदा ठरवतो. एक परवाना खिशात असला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत तर बंदुकीची वन्यजीव खात्याकडेही नोंद करावी लागते. १९८६ साली अनेर धरणाचे अभयारण्य झाले, तेव्हा आप्पा कुरकुरत ती नोंद करून आले होते. हल्ली मुले छऱ्याची एअरगन घेतात. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरे, पण तिने साळुंकी पाडली तर तो गुन्हाच.

आप्पा १९९४ साली गेले. दहाव्याला आम्ही तापीकाठी बसलो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकलो. समोर बाभळीवर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली उतरेना. काका म्हणाले, ‘शेताची काळजी असेल.’ मी शेत सांभाळीन असे कबूल केले. मोठ्या बहिणीने धाकट्याच्या लग्नाचे सांगितले. तास उलटला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा माय हळूच मला म्हणाली, ‘भाऊ, कावळासनी माफी माग.’

मी शिकलेला माणूस, बँकेचा अधिकारी. चार लोकांत हात जोडायची लाज वाटली. तरी जोडले. थोड्या वेळाने एक कावळा आला आणि पिंडाला शिवला. तो माझ्यामुळे आला असे मी म्हणत नाही. त्याला भूक लागली असेल. पण ज्याला आपण बांबूवर उलटा टांगतो, त्याचीच अखेरच्या कामाला वाट पाहत बसतो, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. महिन्याभरात मी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. पुन्हा आणली नाही.

बँकेत आम्हाला शिकवले होते की खात्याला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. पाखरांच्या खात्याची आपण नावेचीच बाजू वाचतो. रब्बीच्या ज्वारीवर हिवाळ्यात भोरड्यांचे थवे उतरतात आणि शेतकरी हवालदिल होतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात याच भोरड्यांसाठी दगडांची घरटी मुद्दाम बांधून दिली आहेत, कारण तिथे त्या टोळ खातात. त्याच चीनने १९५८ साली चिमण्यांना शत्रू ठरवून मोहीम काढली होती. चिमण्या संपल्या तेव्हा कीड वाढली आणि १९६० मध्ये त्यांचे नाव यादीतून काढून तिथे ढेकणाचे घालावे लागले. आपला कावळाही नांगरामागे चालत हुमण्या वेचतो, उंदीर खातो. ती जमा कोणी लिहीत नाही.

मात्र याचा अर्थ नुसती यादी फाडली की न्याय झाला, असा नाही. इंग्लंडमध्ये कावळा, रानकबुतर अशा सोळा जातींचे पक्षी मारायला तीन ‘सर्वसाधारण परवाने’ होते. अर्ज नको, तपासणी नको. अटी पाळा आणि बंदूक चालवा. पक्षीप्रेमींच्या एका संस्थेने त्याला कायदेशीर आव्हान दिले आणि २५ एप्रिल २०१९ पासून संबंधित सरकारी संस्थेने ते एकदम रद्द केले. ऐन हंगामात शेतकरी खवळले. पक्षीप्रेमींपैकी एकाच्या फाटकावर कोणीतरी मेलेले कावळे आणून टांगले. जून महिन्यात सरकारला नवे परवाने काढावे लागले. तपासणीशिवाय मंजूर केलेले कर्ज आणि एका रात्रीत बंद केलेले कर्ज, दोन्ही बुडतात, हे मी नोकरीत पाहिले आहे.

आपल्याकडे नुकसान खरे आहे. पीक पाहणीला फिरताना मी पाहत असे, रोही शेतात शिरली की खुरे उमटतात, रानडुकराने जमीन उकरलेली दिसते. पाखरांचे तसे नाही. कणीस ताठ उभे असते आणि आत दाणा नसतो. पंचनामा करणाऱ्याला लांबून शेत भरलेलेच दिसते.

माझा पुतण्या आता ती जमीन कसतो. मी कायदा समजावू लागलो, तर तो म्हणाला, ‘काका, कावळ्याचं समजलं. माझं सांगा. सगळ्या शिवारात कापूस, मका नाहीतर केळी. माझा एकट्याचा एक एकर ज्वारीचा तुकडा. तालुक्याची पाखरं माझ्याकडेच जेवायला येतात.’

त्याचे म्हणणे मला पटले. पूर्वी पाखरे कमी नव्हती. ज्वारी जास्त होती, आणि माळ्यावर पोरे होती. नुकसान शंभर शेतांत वाटले जाई आणि राखणही वाटली जाई. आता पोरे शाळेत जातात, जायलाच हवीत. राखणीला मजूर परवडत नाही. पाखरांना संरक्षण देताना त्यांचे जेवण कोणा एकाच्या ताटातून जाऊ नये, एवढे तरी पाहायला हवे. नुकसानीचा पंचनामा कणीस चोळून व्हावा, काठावरून नको. जाळीला, फितींना मदत मिळावी. केसाळ कणसाची बाजरी पाखरांना टोचते, तिचे बियाणे गावात मिळावे. आणि बांधाला बांध असलेल्यांनी ज्वारी एकाच वेळी पेरावी.

शेवटची गोष्ट सरकारवाचून होण्यासारखी होती. पुतण्याने गेल्या रब्बीत चार शेजाऱ्यांना राजी केले. सलग साडेसहा एकर ज्वारी झाली, राखणीच्या पाळ्या लागल्या. पाखरांनी खाल्ले, नाही असे नाही. पण प्रत्येकाचे थोडे थोडे खाल्ले. सुट्टीच्या दिवशी एक पाळी मीही केली. गोफण फिरवताना खांदा दुखला, दगड भलतीकडे गेला आणि पोपट हलले नाहीत. शेवटी डबाच बडवला.

ओसरीतल्या त्या दोन खुंट्या अजून आहेत. माय होती तोवर तिने त्यांवर काही ठेवू दिले नाही. आता पुतण्या तिथे गोफण अडकवतो.