खेळांतल्या चिमुकल्या मूर्ति : रंग आणि रक्षण

खेळण्यांना रंग देणें हा मुलांचा उद्योग, अशी आपली समजूत असते. परंतु बोटाच्या पेऱ्याहून थोड्याशाच उंच अशा शिपायांना व राक्षसांना रंगवून त्यांच्या साह्यानें मेजावर लढाया खेळणें, हा इंग्लंड-अमेरिकेंत प्रौढांचा आवडता छंद आहे. लंडनच्या ब्रिटन यांच्या कारखान्यानें १८९३ सालीं शिशाचे पोकळ शिपाई काढले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून अशा लढाईचे नियम घालून दिले. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' व १९८३ सालीं इंग्लंडांत 'वॉरहॅमर' हे खेळ निघाले आणि या छंदाला बहर आला.

आतां या रंगकामांतील खरी अडचण कोणती, तें पाहूं. आपल्याकडील गणपतीची मूर्ति मखरांत बसते आणि थोड्याच दिवसांत विसर्जनास जाते. खेळांतली सोंगटी मात्र वर्षानुवर्षें हाताळली जाते. बोटांचा घाम, तेलकटपणा व घर्षण यांनीं तिचें नाक, तलवारीचें टोक, टोपीचा कांठ येथील रंग प्रथम उडतो, आणि कित्येक संध्याकाळचे श्रम वायां जातात.

म्हणून रक्षणाची तयारी रंगापूर्वींच करावी लागते. सांच्यांतून निघालेल्या मूर्तीवर तेलाचा अंश राहिलेला असतो. ती साबणाच्या पाण्यानें धुऊन पुरती वाळवावी. नंतर अस्तराचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे वरचा रंग धरून राहतो. रंगाचेहि पातळ हात दोन-तीन वेळां द्यावे. जाड लेपाखालीं चेहऱ्याची रेखीव घडण बुजते. शेवटीं व्हार्निश. चकाकीचें व्हार्निश अधिक टणक असतें, पण डोळ्यांना खुपतें. यास्तव पुष्कळ जण प्रथम तें देऊन त्यावर बिनचकाकीचा हात फिरवितात. फवाऱ्याचें व्हार्निश दमट हवेंत पांढुरकें पडतें. मुंबई-कोंकणांतील हौशी माणसानें पावसाळ्यांत कुंचलाच वापरावा, हें बरें. खेळतांना सोंगटी बैठकीशीं धरून उचलावी.

जुन्या शिशाच्या मूर्तींना आणखी एक रोग जडतो. ओकच्या बंद कपाटांत लांकडांतून आम्लाची वाफ सुटते; तिच्या व हवेंतील कार्बन डायॉक्साइडच्या योगानें शिशावर पांढरी भुकटी धरते आणि रंगाचे पोपडे निघतात. ही भुकटी विषारी आहे. ती फुंकरीनें उडवूं नये किंवा खरवडूं नये. अशीं खेळणीं लहान मुलांच्या हातीं देऊं नयेत, व हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावे. ठेवण्यास कांचेचें वा धातूचें कपाट बरें.

वेल व्यवस्थित चढावी म्हणून माळी आधीं मांडव घालतो. त्याचप्रमाणें ज्याला रंग टिकवावयाचा आहे, त्यानें रंगाच्या खालच्या व वरच्या थरांची काळजी आधीं घ्यावी.